प्रेसनोट, रील आणि रात्रीचा फोन

या वादातले मामा माहिती खात्यातून निवृत्त झाले. नोकरीची बहुतेक वर्षे लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत गेली. सकाळी कात्रणे, दुपारी मंत्र्यांचा दौरा, संध्याकाळी प्रेसनोट असा दिनक्रम. भाची नांदेडात एका शासकीय कार्यालयाची समाजमाध्यमे सांभाळते. पद कंत्राटी, पगार एजन्सीकडून, मोबाईल स्वतःचा. हे दोघे म्हणजे कुणी एकेक माणूस नव्हे. या भागातली माहिती कार्यालये, जिल्हा दैनिके आणि यूट्यूब चॅनले यांत राबणाऱ्यांच्या बोलण्यातून मी ते उभे केले आहेत. ज्या घटनांवरून ते भांडतात त्या मात्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडल्या. मी मध्ये मध्ये बोललो आहे, आणि तटस्थ राहिलेलो नाही.

मामा : तुझ्या पेजला किती फॉलोअर आहेत ते नको सांगू मला. मुखेडला त्या रात्री लोकांना कोणी सांगितलं, तेवढं सांग.

भाची : आलात का लगेच मुखेडवर! आधी दुसऱ्या दिवसाचं बोलू की.

मामा ऑगस्ट 2025 बद्दल बोलत होते. 17 तारखेच्या रात्री मुखेड तालुक्यात आणि लेंडी धरणाच्या क्षेत्रात पाऊस कोसळला. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरले, हसनाळमध्ये माणसे दगावली. 18 तारखेला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी समाजमाध्यमावर गावनिहाय माहिती टाकली. सुमारे 206 मिलिमीटर पाऊस, रावणगावात 225 जण अडकलेले, पाच जण बेपत्ता, छत्रपती संभाजीनगरहून लष्कराची तुकडी निघालेली.

भाची : गावाचं नाव, अडकलेल्यांचा आकडा, कोण मदतीला निघालंय ते. सगळं एका पोस्टमध्ये. तुमच्या काळात हा आकडा तलाठ्याकडून तहसील, तहसीलातून कलेक्टर ऑफिस, तिथून मंत्रालय असा फिरून आला असता आणि तिसऱ्या दिवशी पेपरात छापला असता. पुण्याला कंपनीत असलेल्या पोराला आपलं गाव त्या यादीत आहे का, हे त्याच दिवशी कळलं. ही लहान गोष्ट आहे का मामा?

मामा : लहान नाही. पण त्यात पुण्याच्या पोराची सोय झाली. हसनाळच्या माणसाला पाणी दारात आल्यावर कळलं.

भाची : इशारा होता. पावसाचा इशारा जिल्ह्याच्या हर एक ग्रुपवर पडतो, मीच टाकते.

मामा : जिल्ह्याला इशारा देणं सोपं असतं. नांदेडात सोळा तालुके. ‘जिल्ह्यात मुसळधार पावसाची शक्यता’ हे वाचून किनवटवाल्यानं काय करायचं अन् मुखेडवाल्यानं काय करायचं? लेंडीची घळभरणी झालेली, गावं अजून तिथंच. त्या माणसांना वेगळं सांगायला पाहिजे होतं. त्यांच्याच गावाचं नाव घेऊन, अंधार पडायच्या आत.

पुनर्वसन पुरे होण्याआधी घळभरणी केली, म्हणजे धरणाचा बांध नदीच्या पात्रात पुरा बंद केला, ही ग्रामस्थांची तक्रार त्या दिवसांतल्या बातम्यांत ठळकपणे होती. तिचा निवाडा करायची ही जागा नाही. मला एवढेच दिसते की गावनिहाय बोलण्याची ताकद सरकारकडे 18 ऑगस्टला होती, आणि गावाला तिची गरज 17 ऑगस्टला होती.

भाची : बरं, गोदावरीचं घ्या. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की दर वेळी आम्ही टाकतो. इतके दरवाजे उघडले, इतका विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं.

मामा : इतके क्युसेक! आमची प्रेसनोटही अशीच असायची, दोष फक्त तुझ्यावर नाही ढकलत. पण क्युसेकवरून कुणाला आपल्या गोठ्यात पाणी येईल का ते कळतं का? ‘नावघाटाच्या पायऱ्या बुडतील, जनावरं दुपारच्या आत वर काढा’ असं लिहिलं तर कळतं.

भाची : मग लिहायचं होतं की तुम्ही!

मामा : लिहिलं असतं. अन् पायऱ्या नसत्या बुडल्या तर दुसऱ्या दिवशी विचारणा. कोणाच्या परवानगीनं लिहिलं? घबराट पसरवली म्हणून खुलासा द्या.

मामांचे हे बोलणे मला वादातल्या पुष्कळ युक्तिवादांपेक्षा महत्त्वाचे वाटते. सरकारी पत्रक कोरडे असते म्हणून आपण त्याची थट्टा करतो, पण ते लिहिणाऱ्याला चांगले मराठी येत नसते असे नाही. तो भ्यालेला असतो. क्युसेकचा आकडा धरणावरून आलेला असतो, तो चुकला तरी दोष दुसऱ्याचा. पायरीचा अंदाज आपला, चुकला तर नोकरीच्या पुस्तकात शेरा. माध्यम कागदाचे असो की मोबाईलचे, ही भीती एकातून दुसऱ्यात जशीच्या तशी उतरली.

क्वचित कुणी ती भीती झुगारतो. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला, पाठोपाठ 3.6 चा दुसरा धक्का. नांदेड, परभणीपर्यंत जमीन हलली. त्या सकाळी नांदेडच्या प्रशासनाने लोकांना केलेल्या आवाहनात एक गोष्ट होती : पत्र्यावर ठेवलेले दगड खाली उतरवा. ज्याने मराठवाड्यातले घर पाहिले आहे त्याला यातले शहाणपण लगेच कळेल. वादळात पत्रे उडू नयेत म्हणून आपल्याकडे छपरावर दगड मांडतात, आणि धक्का मोठा असला तर तेच दगड खाली झोपलेल्या लेकराच्या अंगावर यायचे. ना आकडा, ना योजनेचे नाव, ना कुणाच्या मार्गदर्शनाखाली. करायचे ते एकच काम, आणि ते घरातले कुणीही पाच मिनिटांत करू शकेल असे.

भाची : आणि ते पसरलं मोबाईलवरून. पेपरची वाट पाहिली असती तर उद्या उजाडला असता.

मामा : मान्य. पण वाक्य मोबाईलनं नाही लिहिलं. ज्यानं लिहिलं त्यानं पत्र्याची घरं पाहिलेली होती. तुमची रील करणारी एजन्सी कुठली?

भाची : … पुण्याची.

मामा : झालं तर मग.

भाची : झालं काय? अफवा पण मोबाईलवरूनच येते, तर तिला उत्तरही तिथंच द्यावं लागतं. लातूरचा 2023 चा तो आवाज विसरलात का?

15 फेब्रुवारी 2023. लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या परिसरात सकाळी साडेदहाच्या पुढे जमिनीखालून गूढ आवाज आल्याचे लोक सांगू लागले. 1993 चा भूकंप सोसलेल्या किल्लारीच्या जिल्ह्यात असा आवाज म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजणार नाही. आदल्या वर्षी निलंगा तालुक्यातल्या हासोरीत असेच आवाज आणि सौम्य धक्के येऊन गेले होते. प्रशासनाने औराद शहाजानी आणि आशिव इथल्या भूकंपमापन केंद्रांवर चौकशी केली आणि भूकंपाची नोंद नसल्याचे सांगितले. कुठल्या केंद्रावर पाहिले, हेही सांगितले. लोक शांत झाले ते त्या दोन गावांच्या नावांमुळे, असा माझा तर्क आहे. नुसते ‘घाबरून जाऊ नये’ असे सांगितले की आपल्याकडे माणूस आधी घाबरतो.

भाची : तुम्ही जिल्हा पेपरांचं फार कौतुक सांगता. पण खरं बोला मामा. नांदेडचं ‘प्रजावाणी’ घ्या, लातूरचं ‘एकमत’ घ्या, त्यांच्यात बातमी करणारे लोक होते. बाकीचे छोटे पेपर? तुमची प्रेसनोट वरचं नाव बदलून छापायचे. का? कारण जाहिरातही तुमच्याच खात्याच्या हातात.

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयच बातमीही देते आणि शासकीय जाहिरातीही वाटते, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर फार कमी लिहिले जाते. कारण उघड आहे.

मामा : छापायचे, पण छापलेलं राहायचं. वाचनालयात फाइल असायची. दहा वर्षांनी कोणीही काढून दाखवू शकायचं, साहेब, तुम्ही तेव्हा असं म्हणाला होतात. खाली नाव, सही असायची. तुझी स्टोरी चोवीस तासांत उडते. पोस्ट चुकली तर डिलीट. काल सरकार काय म्हणालं होतं, ते आज कोणी कुठं शोधायचं?

भाची : सहीचं एवढं कौतुक? मग 2016 सांगा. सहीच्या आदेशानंच लातूरचं नाव देशभर झालं ना?

मार्च 2016 मध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या ठिकाणांजवळ कलम 144 खाली जमावबंदी लावण्यात आली. पाण्यासाठी जमावबंदी! दिल्ली-मुंबईच्या चॅनलांना यापेक्षा मोठे काय लागते?

मामा : आदेश चुकीचा नव्हता. टाकीवर भांडणं व्हायलेली, टँकर भरून बाहेर निघता येईना. गर्दी बाजूला केल्याशिवाय पाणी गल्लीत पोचणार कसं?

भाची : मग असंच सांगायचं होतं. टँकर लवकर निघावा म्हणून गर्दी करू नका, तुमच्या गल्लीत अमुक दिवशी येईल, नाही आला तर ह्या नंबरवर फोन करा. लोकांच्या ध्यानात कलम राहिलं, टँकरची वेळ नाही राहिली. पाणी मागितलं तर पोलीस, एवढंच देशाला कळलं. ह्याला जनसंपर्क म्हणायचं का?

मामा : …ते खरं आहे.

भाची : आणि पुढच्याच महिन्यात रेल्वे आली.

12 एप्रिल 2016 च्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूर स्थानकात शिरली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे 50 वाघिणींच्या गाडीतून 25 लाख लिटर येऊ लागले आणि पावसाळा सुरू झाल्यावर, ऑगस्टमध्ये, या फेऱ्या थांबल्या. पाणी स्थानकाजवळच्या विहिरीत उतरवायचे, तिथून हरंगुळच्या जलशुद्धीकरण केंद्रात न्यायचे, मग टँकर. रेल्वे, पाणीपुरवठा यंत्रणा, महसूल, सगळ्यांनी रात्रंदिवस केलेले काम होते, त्यात कमीपणा काढायला जागा नाही. पहिल्या गाडीच्या स्वागताला कॅमेऱ्यांची दाटी झाली. श्रेय घेणारी पोस्टर गाडीवर लागली, त्यावरून राजकारण पेटले. त्याच दिवसांत ग्रामविकास आणि जलसंधारण खाते सांभाळणाऱ्या पंकजा मुंडे यांनी लातूरजवळ मांजरेच्या पात्रातल्या कामावर काढलेली सेल्फी टाकली आणि टीकेचा दुसरा भडका उडाला. सेल्फीत मला फारसे काही वाटत नाही. मंत्री कामावर गेल्या, फोटो काढला.

मला खटकते ते वेगळेच. 2011 च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या 3 लाख 80 हजारांहून जास्त होती. पहिल्या गाडीतले पाच लाख लिटर म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास. 25 लाखांची गाडी आली तरी माणशी साडेसहा लिटर. हा हिशेब चौथीचे पोर करील. गाडीच्या फोटोखाली तो कुणी लिहिला असता तर लोकांना कळले असते की रेल्वे हा आधार आहे, पाणी अजून पुरवूनच वापरायचे आहे. फोटो पाहून मात्र पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांना वाटले की लातूरचा प्रश्न सुटला.

मामा : हेच म्हणणं आहे माझं. आमच्यातल्याच कोणी तो हिशेब प्रेसनोटच्या मसुद्यात घातला असता तर वरच्यांनी पेन मारला असता. फोटोवर कोणी पेन मारत नाही. म्हणून सगळे फोटोकडं गेले.

भाची : फोटोचा काय दोष, मामा? देशभरातून लक्ष गेलं ते फोटोमुळंच. नुसत्या कागदावर लातूरला कोणी विचारलं असतं?

या मुद्द्यावर दोघे बराच वेळ अडून राहिले. तो सगळा भाग मी गाळतो, कारण दोघेही पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. नांदेडच्या रुग्णालयाचा विषय निघाला तेव्हा आवाज खाली आले.

विष्णुपुरीतले डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या चोवीस तासांत तिथे 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 अर्भके. अठ्ठेचाळीस तासांत आकडा 31 वर गेला. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

भाची : तुमची पद्धत असती तर ही बातमी एका ओळीत संपली असती. ‘अत्यवस्थ रुग्णांची संख्या अधिक असल्याने.’ लोकांनी, पुढाऱ्यांनी, पोर्टलवाल्यांनी धरून ठेवली म्हणून ती दाबली गेली नाही.

मामा : बरोबर आहे. पण पुढं काय झालं ते बघ. अधिष्ठाता म्हणाले, हाफकिन संस्थेकडून औषधखरेदी झाली नाही, स्थानिक पातळीवर घ्यावी लागली. रुग्णालयाच्याच पत्रकात लिहिलं, औषधसाठा पुरेसा आहे. लोकांनी काय समजायचं? एका आजारी घरात दोन तोंडं झाली की बाहेरचा माणूस दोन्ही खोटी धरतो.

भाची : आणि मग खासदार आले.

3 ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. व्हिडिओ देशभर गेला, खासदारांवर गुन्हा दाखल झाला.

मामा : आज कोणालाही विचार. तो झाडू आठवतो. त्या बारा लेकरांपैकी किती बाहेरच्या दवाखान्यातून शेवटच्या घटकेला पाठवलेली, किती तिथंच जन्मलेली, वॉर्डात त्या रात्री परिचारिका किती, हे आठवतं का कोणाला? रुग्णालय म्हणत होतं की सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टापूत एवढं मोठं दुसरं नाही, सगळे इथंच येतात. खरं असेल. पण हे रोज सांगायचं होतं. मेल्यावर सांगितलं की ती सबब वाटते.

मामांचा हा मुद्दा मला पूर्ण पटतो. ज्या रुग्णालयाने वर्षभर खाटा किती, रुग्ण किती, जागा रिकाम्या किती हे फाटकावरच्या फळ्यावर लिहिले असते, त्याला ऑक्टोबरात कोणी निदान खोटारडे म्हटले नसते. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 चा आहे. त्याचे कलम 4 सांगते की कुणी अर्ज करायच्या आधीच कार्यालयाने आपली माहिती स्वतःहून लोकांपुढे ठेवावी. महाराष्ट्राने तर 2002 मध्येच आपला स्वतंत्र कायदा केला होता. इतक्या वर्षांत आपल्या तालुक्याच्या कुठल्या कार्यालयात ती माहिती ताजी पाहिली, ते वाचकांनी आठवून बघावे.

भाची : आता उलट चाललंय, मामा. लोकांना माहिती द्यायच्या आधी लोक काय बोलायलेत ते मोजायचं.

मामा : ते दहा कोटींचं केंद्र म्हणतेस का?

5 मार्च 2025 च्या शासन निर्णयाने राज्यात माध्यम संनियंत्रण केंद्र उभारायचे ठरले, दहा कोटींची तरतूद झाली. सकाळी आठ ते रात्री दहा या वेळेत शासनाविषयीच्या बातम्या गोळा करायच्या, सकारात्मक कोणत्या, नकारात्मक कोणत्या ते लावायचे, दिशाभूल करणारी बातमी असेल तर तातडीने खुलासा करायचा.

मामा : आम्ही हेच काम कात्री आणि डिंकावर करायचो. रोज सकाळी दहाच्या आत कात्रणं साहेबांच्या टेबलावर. लाल पेन्सिलीनं खूण म्हणजे खुलासा. पण एक फरक होता बरं का. एखादे कलेक्टर कात्रण वाचून खुलासा मागायच्या ऐवजी गाडी काढून त्या गावाला जायचे. बातमी खरी निघाली तर बीडीओची खैर नसायची.

भाची : आणि माझं तोंड तर बंदच आहे. तो जुलैचा जीआर वाचलात ना?

28 जुलै 2025 चा तो शासन निर्णय कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराविषयी आहे. शासनाच्या धोरणांवर टीका करायची नाही, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची, योजनांच्या यशाबद्दल लिहिता येईल पण स्वतःची प्रौढी मिरवायची नाही. कंत्राटी आणि बाह्यस्रोतातले लोकही त्यात आले. गोपनीय कागद कुणी उधळू नयेत आणि कचेरीत बसून कुणी रील करू नयेत, इथवर मी सरकारच्या बाजूने आहे. पण एखाद्या ग्रामसेवकाने ‘आमच्या गावाला टँकर आलेला नाही’ असे लिहिले तर ती टीका की माहिती, हे कोण ठरवणार?

भाची : माझ्या पेजचं खरं काम काय आहे, सांगू? साहेबांनी झाड लावलं, साहेबांनी आढावा घेतला. ते टाकलं की खाली कमेंट येतात. झाडाबद्दल एकही नसते. ‘हप्ता कधी येणार?’ ‘पीकविम्याचं काय झालं?’ ‘डीपी जळून आठ दिवस झाले.’ शेकडो माणसं विचारायलेत मामा, रोज. मला उत्तर द्यायचा अधिकार नाही. मी वर पाठवते. वरून येतं, ‘कमेंट लिमिट करा.’

मामांनी चष्मा काढून पुसला. एवढा वेळ ते भाचीच्या मोबाईलला दोष देत होते. मला वाटते, या क्षणी त्यांना कळले की मोबाईलमध्ये ती गोष्ट आलेली आहे जी त्यांच्या कात्रणांत कधीच नव्हती : गावातल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने, तारखेसह विचारलेला प्रश्न.

मामा : किल्लारीला ही सोय आम्ही माणसांनी केली होती.

भाची : किल्लारीला कुठं होता जनसंपर्क? तेव्हा तर फोनही लागत नव्हते म्हणे.

मामा : भूकंपाच्या पहाटेचं नाही सांगत. पुढचं सांगतो.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटे, हे लातूर-धाराशिवमध्ये सांगावे लागत नाही. त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला. 52 गावे नव्या जागी वसवली गेली, ते सर्वांना माहीत आहे. पण ज्या शेकडो गावांत घरे पडली नव्हती, तडकली होती, तिथे दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी कुटुंबाला अनुदान द्यायचे होते. पैसे आले, अभियंते आले, आणि काम अडले. लोकांचा दगडी भिंतीवरचा विश्वास उडालेला होता. अनुदान कशाला, किती हप्त्यांत, सळई कुठे घालायची, काहीच कळत नव्हते. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेला सरकारने लोकसहभागाचे काम दिले, आणि गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या.

मामा : बायका, गावातल्याच. अभियंत्याचं म्हणणं घरोघर सांगायच्या, अन् घरोघरचं गाऱ्हाणं अभियंत्याला. सिमेंट खराब आलं तर ती बाई सरळ ऑफिसात येऊन बसायची. सुरुवातीला आमच्याच लोकांना ते आवडलं नाही. ह्या कोण विचारणाऱ्या, म्हणून. पण ऑफिसात मॅप लावून जेवढं कळत नव्हतं तेवढं त्या बायका सांगून जायच्या.

भाची : मग आता योजनादूत आहेतच की. तेच तर आहे.

2024 मध्ये राज्याने ‘मुख्यमंत्री योजनादूत’ ही कल्पना काढली. 50 हजार तरुण, महिना दहा हजार मानधन, सहा महिने, प्रत्येक ग्रामपंचायतीला एक. काम शासकीय योजनांची माहिती घरोघर पोचवण्याचे. त्याच काळात एकट्या लाडकी बहीण योजनेच्या प्रसिद्धीसाठी 200 कोटींच्या घरातला आराखडा मंजूर झाला होता. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि योजनादूतांचे काम थांबले.

मामा : तेच नाही. संवाद सहायक घर उभं राहिलं का ते बघायची. योजनादूतानं योजना पोचली का ते बघायचं. त्याच्या मोबाईलमध्ये वरून खाली यायचं बटण आहे, खालून वर जायचं नाही. तुझ्यासारखंच.

भाची : माझ्याकडं तर आहे की, मामा. शेकडो कमेंट रोज वर येतात. वरचा माणूसच जागेवर नाही.

इथे वाद संपला नाही, पण माझ्यापुरता निकाल लागला. भाची माध्यमाबद्दल बरोबर आहे. प्रेसनोटकडे परत जाण्यात अर्थ नाही, ती वाचणारी माणसे आता मोबाईलवर आहेत. मामा जबाबदारीबद्दल बरोबर आहेत. सांगणाऱ्याचे नाव आणि सांगितल्याची नोंद राहिली पाहिजे, पोस्ट असो की पत्रक. दोघांचे मिळून जे उरते ते असे : सरकारची प्रतिमा सांभाळणे आणि लोकांना माहिती देणे ही कामे एकाच खात्यात, एकाच पैशात, एकाच माणसाकडे ठेवली की पहिले काम दुसऱ्याला गिळते. जिल्ह्यात प्रसिद्धीला माणसे आहेत. आलेल्या प्रश्नाला ठरलेल्या वेळेत, नावानिशी उत्तर देणारा माणूस नेमा. त्याला दहा कोटी लागत नाहीत. आणि त्याच्या अंदाजाची एखादी पायरी चुकली तर त्याला खुलासा मागू नका.

सरकार हे करील तेव्हा करील. ग्रामसभा मात्र 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरला भरतातच. तुमचे गाव धरणाखाली असेल, नदीकाठी असेल किंवा पाणलोटात असेल तर पुढच्या सभेत एकच ठराव मांडा : पाणी सोडायचे ठरले की रात्री आपल्या गावाला फोन कोण करणार, आणि गावात तो उचलणार कोण. दोन्ही नावे, दोन्ही नंबर ठरावात लिहून घ्या आणि शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या.